मुलासाठी का?

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय काय करू नये, याची एक यादी आपल्या समाजाला तोंडपाठ असते. पतंग उडवू नये, हात सोडून सायकल चालवू नये, नवं प्रेम तर करूच नये आणि कुठलंही वाद्य ‘सा’पासून शिकायला घेऊ नये. पेटी किंवा बासरी असेल तर लोक एक वेळ क्षमा करतात, कारण तिथे भक्तिमार्गाचा आडोसा घेता येतो. ड्रमला तोही नाही. ड्रम वाजवून आजवर कोणाला मोक्ष मिळाल्याचं ऐकिवात नाही.

माझी अडचण बँकेने करून ठेवली. नोकरीला लागलो तेव्हा शाखेत दिवसभर शिक्के मारायचं काम असे. पॅडवर एक, कागदावर एक. पॅडवर एक, कागदावर दोन. दुपारी दोनच्या सुमाराला हात असा काही लयीत यायचा, की खिडकीपलीकडचे खातेदारही नकळत मान डोलवायचे. पुढे सगळा कारभार संगणकावर गेला, शिक्के कमी झाले आणि हातातली ती खाज तेवढी शिल्लक राहिली. जेवणाच्या टेबलावर मी चमच्यांनी वाजवू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या आठवड्यात दुर्लक्ष केलं, दुसऱ्या आठवड्यात चमचे काढून घेतले आणि तिसऱ्या आठवड्यात, “काय ते एकदा विकत आणा आणि खोलीचं दार लावून घ्या,” असा निकाल दिला.

आता खरे ड्रम डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आणणं म्हणजे बाल्कनीत हत्ती बांधण्यासारखं. २००० सालच्या सरकारी नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रमवर साधी एक काठी आपटली तरी ती या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते. राहता राहिला इलेक्ट्रॉनिक ड्रम. हेडफोन लावून वाजवायचा. वाजवणाऱ्याच्या कानात मेघगर्जना आणि बाहेरच्याला फक्त एक गृहस्थ घामाघूम होऊन हवेत काठ्या मारताना दिसणार. मध्यमवर्गीय माणसासाठी इतकं सोयीचं वाद्य दुसरं नाही. बंड करायचं, पण कोणाला ऐकू जाता कामा नये.

धोबी तलावाजवळच्या एका दुकानात शिरलो. तिथला मुलगा हसतमुख होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “मुलासाठी का?”

मी म्हणालो, “हो.”

हे उत्तर का दिलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण एकदा दिलं की खोट्याचा संसार वाढवावा लागतो.

“कितवीत आहे?”

“नववीत.”

“उंची?”

“साधारण माझ्याएवढी.”

“वजन?” (स्टूल निवडायला लागतं म्हणे.)

“तेही साधारण माझ्याएवढंच.”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “तर मग काका, तुम्हीच बसून बघा.” त्या मुलाला पुढच्या आयुष्यात देव काही कमी पडू देणार नाही.

वाचकांपैकी कोणी माझ्यासारखाच उशिरा जागा झाला असेल, तर त्याच्यासाठी मिळालेलं ज्ञान इथे सांगून ठेवतो. पहिली गोष्ट, पॅड रबराचं की जाळीचं? रबर स्वस्त, पण त्यावर काठी टकटक करते आणि मनगट दुखतं. १९८१ साली सिमन्स या ब्रिटिश कंपनीने षटकोनी पॅडचे ड्रम काढले, ते दिसायला झोकदार, पण इतके टणक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं धरत. १९९७ साली रोलँड या जपानी कंपनीने पडद्याऐवजी ताणलेली जाळी आणली आणि जगातली मनगटं सुटली. जाळीवर काठी छान उसळते, आवाज कमी होतो आणि किल्लीने ताण कमीजास्त करता येतो. तेव्हा जाळीच घ्यावी. दुसरी गोष्ट, त्या यंत्राच्या डबीत किती आवाज आहेत, याला भुलू नये. शेकडो असतात. दुकानदार ते आपल्याला शालूच्या घड्या उलगडाव्यात तसे एकामागून एक दाखवतो. घरी आल्यावर आपण त्यातले तीन वापरतो. तिसरी गोष्ट, जाहिरातीतल्या चित्रात दिसणारं स्टूल, काठ्या आणि हेडफोन बहुधा किमतीत धरलेले नसतात. लग्नाच्या हॉलसारखंच आहे हे. भाडं वेगळं, दिवे वेगळे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच मी चुकलो. मोठा ड्रम पायाने वाजवतात. काही पेडलांना हातोडा नसतो. पाय दाबला की आत नुसती खूण होते. काहींना खरा हातोडा असतो आणि तो समोरच्या पॅडवर धप्पकन आपटतो. “फील हातोड्यातच आहे,” असं दुकानातला मुलगा म्हणाला. मी हातोड्यावर पाय ठेवला, धप्प केलं आणि चव्वेचाळीस वर्षांचं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. फीलसाठी मी तीन हजार जास्त मोजले.

सगळे मिळून बेचाळीस हजार झाले. परतीच्या लोकलमध्ये ते बेचाळीस हजार माझ्यासमोरच्या बाकावर बसून आले. बँकेत आम्ही कर्ज देताना परतफेडीची क्षमता पाहतो. माझी क्षमता काय? या वयात शिकून मी फार तर वाईट ड्रमर होणार; फारच मेहनत केली तर साधारण. ज्याला कधीच नीट येणार नाही, त्याने चांगलं वाद्य घ्यावं का? नववीतल्या मुलाला कोणी हे विचारत नाही. कारण त्याच्या नावावर ‘भविष्य’ नावाचं तारण असतं. माझं तारण संपलेलं. नुसत्या आनंदावर कर्ज द्यायची तरतूद आमच्या नियमावलीत नाही. म्हणून तर मी “हो, मुलासाठी,” म्हणालो होतो. खोकी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेताना वॉचमनने विचारलं, तेव्हा मी ‘व्यायामाचं यंत्र’ असं सांगितलं. खोटी दोन झाली. तिसरं तर मला न विचारताच झालं.

मी रोज रात्री साडेनऊला बसू लागलो. शिकणाऱ्याने तालयंत्र मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांवर लावावं आणि पायाने सारखे ठोके द्यावेत, असा पहिला धडा होता. महिनाभर मी तेवढंच केलं. ठोके सारखे काही पडेनात.

नोव्हेंबरात दुसऱ्या मजल्यावरचे नाना जिन्यात भेटले. मुलगा बंगळूरला, घरात ते आणि काकू. वय बहात्तर. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि ते काम ते माझ्याकडून करून घेतात. या वेळी म्हणाले, “दाखला भरूया की थोडं थांबूया?”

“का हो नाना?”

“हृदय बरं नाही माझं. रात्री साडेनऊला आडवा झालो की सुरू होतं. धप्... धप्... धप्... मग मध्येच एक चुकतो. मग दोन एकदम पडतात. दहाला बरोबर थांबतं.”

माझ्या पायातलं बळ गेलं. विशेषतः उजव्या.

नानांनी ईसीजी काढला, तो स्वच्छ. मग डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवून चोवीस तास पट्ट्याला यंत्र अडकवून ठेवलं. अडीच हजार रुपये गेले. त्यातही काही सापडलं नाही. कारण नेमका त्या रात्री मी मुंजीसाठी चिपळूणला होतो. काकूंना ऐकू येतं का? तर त्या झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. म्हणजे ऐकणारे एकटे नानाच. जाळीचं पॅड हवेत आवाज करत नाही, हे खरं. पण हातोड्याचा धक्का पेडलमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट नानांच्या पलंगावर उतरत होता. आणि ठोके साठ-सत्तर! माणसाचं हृदयही त्याच सुमाराला चालतं. मला ताल बरा येत असता, तर नानांना आपली प्रकृती ठणठणीत आहे असं वाटलं असतं.

त्या क्षणी सांगून टाकावं की नाही? सांगितलं असतं; पण नाना पुढे म्हणाले, “एक बरं झालं. मुलगा आता रोज रात्री नऊला फोन करतो. पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा करायचा.” आणि ते हसले. मी दाखल्याचा कागद घेऊन वर आलो.

आमच्या कर्जविभागात एक जण तत्त्वज्ञानात एम.ए. आहे. (तत्त्वज्ञानात एम.ए. झालेली माणसं शेवटी कर्जविभागातच येतात.) त्याला मी हे ‘एका मित्राचं’ म्हणून विचारलं. तो म्हणाला, कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली लिहून ठेवलंय की दारात खुनी उभा असला, तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलू नये. मी म्हटलं, “कांटला फ्लॅट कुठे माहीत होता?” तर म्हणाला, शेजाऱ्यांचा त्रास मात्र चांगला माहीत होता. कोंबड्याच्या आरवण्याने हैराण होऊन त्याने घर बदललं होतं आणि शेजारच्या तुरुंगातले कैदी मोठमोठ्याने भजनं म्हणतात म्हणून १७८४ साली तक्रारही केली होती. हे ऐकून मला कांटबद्दल आपुलकी वाटली. पण सुटका होईना. कारण मी तर खोटं बोललोच नव्हतो. नुसता गप्प होतो. आपल्याकडे धर्मराजाने केलं तेही जवळपास असंच. शब्द खरे, पण महत्त्वाचे तेवढे शंख-नगाऱ्यांच्या आवाजात बुडाले. तेवढ्यासाठी जमिनीवरून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला म्हणतात. तिथेही वाजवणाऱ्याला कोणी काही बोललेलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

मग हिशेब मांडला. जमेच्या बाजूला नानांच्या मुलाचे रोजचे फोन, नावे नानांची भीती. जमा मोठी दिसत होती. दोन दिवस मी या ताळेबंदावर झोपलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की नानांची भीती मी माझ्या खात्यातून भरतच नव्हतो. जमा माझी सोय म्हणून मांडली होती आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून काढले होते. बँकेत याला जो शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

पण मी थांबलोही नाही, हे कबूल केलं पाहिजे. हळू वाजवू लागलो. रियाजाने पायही जरा बसला होता. आठवड्याने नाना भेटले आणि आनंदाने म्हणाले, “सुधारणा आहे हं! आता बरेच नियमित पडतात. ती पित्ताची गोळी लागू पडली.” माझ्या वादनाची आयुष्यात झालेली ती पहिली स्तुती. तीही मला घेता येईना.

त्याच रात्री खाली गेलो आणि सगळं सांगितलं. नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मला काही झालेलं नाही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

त्यांचा चेहरा उतरला होता, की सुटला होता, ते मला सांगता येणार नाही. चोवीस तासांच्या यंत्राचे अडीच हजार मी पुढे केले, ते त्यांनी मागे सारले. “त्या दिवशी मुलगा तीनदा बोलला माझ्याशी,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “ते वाद्य मुलासाठी का?”

“नाही,” मी म्हणालो. “माझं आहे.”

“वय काय तुमचं?”

“चव्वेचाळीस.”

“मग लवकरच सुरू केलंत.” आणि दाराशी आल्यावर हळूच म्हणाले, “आमच्या मुलाला एवढ्यात सांगू नका. डिसेंबरात येतोय तो. रजा मंजूर झालीये.”

आता पेडलाखाली प्लायवुडच्या दोन फळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये भोकांत बसवलेले टेनिसचे चेंडू. असा झुलता पाट धक्का बराचसा पिऊन टाकतो. चोवीस चेंडू लागले. त्यातले नऊ गेल्या दहा वर्षांत आमच्या बाल्कनीत आलेले आणि मी तत्त्व म्हणून मुलांना परत न दिलेले होते. बाकीचे त्याच मुलांकडून विकत घेतले. त्यांनी भाव चढा लावला आणि मला बोलायला तोंड नव्हतं. सगळा ड्रम आता जमिनीपासून चार बोटं वर आहे. खाली काही ऐकू येत नाही. चार दिवसांनी नाना स्वतःच वर आले. “चुकल्याचुकल्यासारखं होतं हो,” म्हणाले आणि स्टूलवर बसले. आता रोज बसतात. पाय माझ्यापेक्षा बरा आहे त्यांचा.

परवा नऊच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला. बंगळूरहून त्यांचा मुलगा. “दादा, बाबा फोन उचलत नाहीयेत. बरे आहेत ना? ठोके नीट पडताहेत ना?”

नाना माझ्यासमोर, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले.

“पडताहेत,” मी म्हणालो. “मध्येच एखादा चुकतो अजून.”