उरलेला तुकडा कोणाचा?

शरीर ही परमेश्वराची देणगी आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. परंतु शस्त्रक्रियेत कापून वेगळा केलेला शरीराचा तुकडा कोणाचा, हा प्रश्न सेमिनरीतही आम्हांला कोणी विचारला नव्हता. तो मला विचारला लालबागच्या एका चाळीतील मावशींनी.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी मी रुग्णालयात गेलो, तेव्हा मुलाच्या हातात कागदांची चळत होती. त्यांतील एका कागदात, काढलेल्या भागाचा उरलेला अंश संशोधनासाठी वापरण्याची परवानगी मागितली होती. कागद इंग्रजीत होता. "फादर, आईने सही करावी का?" मुलाने विचारले. "परोपकाराचेच काम आहे, करू दे," मी म्हणालो. मावशींनी सही केली. मी तो कागद वाचलासुद्धा नव्हता.

मावशी बऱ्या झाल्या. एका रविवारी मिस्सानंतर मला थांबवून म्हणाल्या, "फादर, माझ्या त्या तुकड्याचं काय झालं हो? शिवडीला ह्यांच्या शेजारी माझी जागा आहे. मी तिथे अर्धवटच जाणार का?" मी निरुत्तर झालो. मग मात्र हा विषय समजून घेणे भाग पडले.

आतड्याच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या, चातीसारख्या निमुळत्या पेशी असतात. त्या कोलॅजनचे धागे तयार करून आतड्याला आधार देतात आणि जखम भरून काढतात. क्रोन्स या विकारात मात्र त्या गरजेहून अधिक धागे विणतात. आतडे घट्ट होऊन अरुंद होते. हे का घडते आणि कोणत्या औषधाने थांबेल, हे शोधण्यासाठी काढलेल्या आतड्यातून या पेशी वेगळ्या करतात, 37 अंश सेल्सिअस तापमानात पोषक द्रवात वाढवतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांना साठवतात. काही कंपन्या त्या कुप्यांत भरून विकतातही.

ही विद्या आपल्या परळला परकी नाही. 1952 साली येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे ज्या जॉर्ज गाय यांच्याकडे या तंत्राचा अभ्यास केला, त्यांच्याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय मातेच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशींनी जगभरच्या वैद्यकाला मोलाची मदत केली. परंतु त्या मातेला कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या कुटुंबाला ही गोष्ट कळायला वीसहून अधिक वर्षे गेली. ज्ञानाचे हित खरे होते, आणि अन्यायही खराच होता. एकाने दुसरा पुसला जात नाही.

सुवार्तेतील गरीब विधवेच्या दोन दमड्या आपल्याला ठाऊक आहेत. त्याच दमड्या मंदिराच्या सेवकाने तिच्या बटव्यातून काढून घेतल्या असत्या, तर पेटीत तेवढीच रक्कम पडली असती. पण ते दान झाले नसते. ख्रिस्तसभा अवयवदानाला प्रेमाचे कृत्य मानते, तेही संमतीच्या अटीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या नीतिनियमांतही, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी, असे सांगितले आहे. अशा पेशी कधी कधी गर्भपात झालेल्या गर्भाच्या ऊतींतूनही मिळवल्या जातात. तेथे तर ज्याचे शरीर आहे त्याला विचारताच येत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभा संशोधकांना त्या वाटेपासून दूर राहण्यास सांगते.

कोणी म्हणेल, तो तुकडा एरवी जाळूनच टाकला असता. मग एवढी चिकित्सा कशाला? मीही मनात तसेच म्हटले होते. पण शस्त्रक्रियेच्या भयाने गांगरलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या स्त्रीची सही आणि तिची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मगुरूच्या शब्दावर ती सही झाली, म्हणून माझी जबाबदारी अधिक होती, आणि मी ती पार पाडली नाही.

मी मावशींकडे गेलो, क्षमा मागितली आणि जेवढे समजले होते तेवढे सांगितले. या पेशीही ठरावीक वेळा विभागून थांबतात, आपल्यासारख्याच मर्त्य असतात, हे सांगितले. पुनरुत्थानाच्या दिवशी परमेश्वर तुकडे मोजत बसणार नाही. तो माणसाला नावाने हाक मारील, हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "विचारलं असतं तरी मी दिलंच असतं, फादर. पण मग मी दिलं असं झालं असतं."

वाचकहो, असा कागद आपल्या घरी आला तर तो आपल्या भाषेत समजावून मागा. मनापासून द्यावेसे वाटले तर जरूर द्या. नको वाटले तर नाही म्हणण्यात पाप नाही. आणि धर्मगुरूला विचाराल, तेव्हा त्याने तो कागद वाचला आहे का, हेही विचारा.