उन्हातला आपला वाटा

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या टपावर सौर पॅनल बसवणं परवडतं का, हा प्रश्न बहुतेक लोक रुपयांत विचारतात आणि त्याचं उत्तरही रुपयांतच मिळतं. साध्या मोटारीच्या टपावर पॅनलसाठी जेमतेम पावणेदोन चौरस मीटर जागा निघते. पॅनलची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर कडक उन्हात ३५० वॉट मिळतील. महाराष्ट्रात दिवसाला सरासरी पाच तासांचं पुरेपूर ऊन मिळतं असं मानू. त्यातून आडवं बसवलेलं पॅनल, तापलेला पत्रा, धूळ आणि झाडा-इमारतींच्या सावल्या वजा केल्या, की सव्वा युनिट हाती उरतं. मध्यम गाडीला १०० किलोमीटरला सुमारे १५ युनिटं लागतात. म्हणजे दिवसाकाठी आठ किलोमीटरचा प्रवास आणि दहा-बारा रुपयांची बचत. पावसाळ्यात तेवढीही नाही, आणि गाडी तळघरात उभी असेल तर काहीच नाही.

हिशेब असा रोखठोक असूनही माणसं या कल्पनेच्या मागे लागतात. नेदरलँड्समधल्या ‘लाइटइयर’ कंपनीने तर त्यासाठी सगळं पणाला लावलं. बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत पाच चौरस मीटर पॅनल, वाऱ्याला कमीत कमी अडणारा आकार आणि उन्हाळ्यात दिवसाला ७० किलोमीटरपर्यंत फुकट प्रवासाचा दावा. किंमत मात्र अडीच लाख युरो. २०२२ च्या अखेरीस फिनलंडमध्ये उत्पादन सुरू झालं आणि २०२३ च्या जानेवारीत थांबलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीतल्या ‘सोनो मोटर्स’ने हजारो लोकांनी आगाऊ नोंदवलेली ‘सायन’ ही सौर मोटार सोडून दिली. या माणसांना गणित येत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना ओढत होती ती एक जुनी आस: कुणाच्या तारेवर, कुणाच्या पंपावर अवलंबून राहायचं नाही.

ही आस खरी आहे आणि तिला मान द्यायला हवा. पण निव्वळ स्वावलंबन हा धर्म आहे का? गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून ते साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ही पत्रं पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. अस्तेयावर, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रतावर, लिहिताना त्यांनी चोरीची व्याप्ती फार वाढवली: आपल्याला ज्याची गरज नाही ते घेणं हीसुद्धा चोरी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं यज्ञचक्रही हेच मागतं. मिळालेलं परत फिरवायचं, एकट्याने खाऊन टाकायचं नाही. या कसोटीवर सौर टपाचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. सूर्य कुणाला बिल पाठवत नाही हे खरं. पण त्याच्यापासून वीज करणारं पॅनल खाणीतून, भट्टीतून, कुणाच्या तरी श्रमातून येतं. ते जिथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल तिथे न लावता केवळ आपल्या मिरवण्यासाठी लावणं, यात अस्तेय कुठे आहे?

गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवलेलं तेच पॅनल जास्त वीज देतं, आणि घरात न लागलेली वीज नेट मीटरमधून शेजाऱ्याच्या पंख्याकडे जाते. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एवढ्या संचातून दिवसाला सुमारे १२ युनिटं निघतात, म्हणजे गाडीची ८० किलोमीटरची सोय. ज्याच्याकडे गच्ची आहे किंवा ज्याची सोसायटी तयार होऊ शकते, त्याने आधी तिथे चढावं.

मग टपावरचं पॅनल व्यर्थच का? नाही. त्याच्यापाशी एक गुण आहे, तो गच्चीवरच्या पॅनलपाशी नाही: ते मर्यादा दाखवतं. दगडी कोळसा आणि पेट्रोल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं साठलेलं ऊन. ते जाळताना आपण किती घेतो हे कळत नाही. टपावर पडतं ते आजचं ऊन, आणि ते पुरायचं तर गाडीनेच लहान व्हावं लागतं. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही ३,००० किलोमीटरची सौर शर्यत १९८७ पासून होते. त्यात धावणाऱ्या अनेक गाड्या हलक्या आणि इतक्या बुटक्या असतात, की चालकाला जवळजवळ आडवं बसावं लागतं. पुण्याच्या ‘वेव्ह मोबिलिटी’ची ‘ईव्हा’ दोन मोठी माणसं आणि एक मूल यांच्यासाठी आहे. तिच्या टपावरून वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत प्रवास मिळेल असा कंपनीचा दावा आहे. दुसरीकडे भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्ही आहेत. दोन टनी गाडीच्या टपावर पॅनल चढवून अपरिग्रह, म्हणजे गरजेपुरतंच बाळगणं, येत नाही.

ज्याला या पॅनलचा सर्वांत खरा उपयोग आहे, त्याच्याविषयी मात्र कुणी फारसं बोलत नाही. नागपुरात ई-रिक्षा चालवणारा माणूस दिवसभर उन्हातच असतो. त्याची गाडी हळू आणि हलकी, १०० किलोमीटरला सहा-सात युनिटांत भागणारी. त्याच सव्वा युनिटात ती १८-२० किलोमीटर जाईल. बॅटरी भरण्यासाठी रिक्षा उभी राहिली, की तेवढा वेळ त्याची कमाई बंद. वर त्याला ना स्वतःची गच्ची असते, ना अनुदानासाठी लागणारं नावावरचं वीजजोडणीचं कागदपत्र. तीन किलोवॉटच्या घरसंचाला मिळतो त्यातला थोडा पैसा त्याच्या टपाकडे वळवायला कोणता अडसर आहे, हे सरकारला विचारायला हवं.