मिटवून टाकलेला हक्क

"जाणारा गेला. कोर्टकचेरी करून तो थोडाच परत येणार आहे?" दहावा व्हायच्या आत हे वाक्य घरातल्या बाईला किमान चार जण ऐकवतात. मग कोणीतरी वजनदार माणूस मध्ये पडतो, गाडीमालकाकडून लाख-दीड लाख आणून देतो, आणि पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं जातं की सदर अपघाताबाबत आमची कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. बाई अंगठा देते किंवा सही करते. गावाच्या दृष्टीने प्रकरण तिथंच संपतं. तिच्या पोरांची शाळा, म्हाताऱ्या सासूची औषधं आणि सोसायटीचं कर्ज यांचं काय, हे त्या कागदावर कुठंच नसतं.

पुणे-नाशिक महामार्ग आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांना चिरत जातो. 17 जानेवारी 2025 रोजी नारायणगावजवळ टेम्पोने मागून ठोकरलेली प्रवासी गाडी उभ्या एसटीवर आदळली आणि नऊ जणांचा जीव गेला. अशा मोठ्या अपघाताची बातमी होते, सरकारी मदतीच्या घोषणा होतात. मंचर, कळंब, आळेफाटा परिसरातल्या एकट्यादुकट्याच्या मरणाची तेवढीही नोंद कोणी घेत नाही. वाडीच्या रस्त्यावरून किंवा दुभाजकाच्या फटीतून गाडी महामार्गावर चढते आणि भरधाव वाहन तिला बाजूने येऊन धडकतं. पुढून धडक बसली तर मध्ये निदान बॉनेट तरी असतं. बाजूला असतो तो दाराचा पत्रा, आणि त्याला लागून माणसाच्या बरगड्या आणि खुबा.

आणि अशा धडकेत निकालही जागेवरच लागतो. "तोच आडवा आला." एवढं कानावर पडलं की घरचे माना खाली घालतात. पण चूक कोणाची हे ठरवणं रस्त्यावरच्या गर्दीचं काम नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोन्ही बाजूंच्या चुकीचं माप काढतं. आपल्या चालकाची चूक तीस टक्के ठरली तर भरपाईतून तेवढी वजावट होते. उरलेले सत्तर टक्के मिळतातच. मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशाला तर या भांडणाशी देणंघेणंच नाही. दोन्ही चालक दोषी असले तरी तो पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून धडक कुठल्या दारावर बसली, काचा कुठं सांडल्या, टायरचे व्रण कुठून कुठं गेले याचे फोटो काढून ठेवा आणि पंचनाम्यात ते नीट आलंय का ते वाचून बघा.

सगळ्यात अवघड अडचण मनाची आहे. समोरचा चालक पुष्कळदा भावकीतला किंवा शेजारच्या गावचा निघतो. "त्याच्यावर केस करून त्याचंही घर कशाला बुडवायचं?" ही भावना खोटी नाही, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण चालकावरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. दाव्यात कोणी तुरुंगात जात नाही. गाडीचा विमा चालू असेल तर पैसे सहसा विमा कंपनी भरते, त्यासाठीच कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे. त्या माणसाला मनापासून माफ करा, त्याच्या घरचं पाणीही प्या. पण तुमच्या माफीने वाचतो तो विमा कंपनीचा पैसा, आणि तो तुमच्या लेकरांच्या वाट्याचा असतो.

हिशोब मांडून बघा. चौतीस वर्षांचा माणूस, महिना बारा हजार कमावणारा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने त्याच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाची रक्कम काढून तिला सोळाने गुणायचं. चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे होतात. इतर बाबी वेगळ्या. स्टँपपेपरवर त्याची किंमत लाख-दीड लाख लावली जाते. "मेलेल्याचे पैसे खायचे का?" असं विचारणाऱ्याने हा फरक कोणाच्या खिशात राहिला तेही विचारावं.

बाई गेली तर "ती घरीच असायची" म्हणून दावाच होत नाही. पहाटे म्हशींची धार, दिवसभर टोमॅटोची तोडणी, रात्री सगळ्यांच्या भाकरी, आणि तरी ती बिनकमाईची! घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाचं मोल धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठामपणे सांगितलं. जखमींचंही तेच. खुबा जोडला, दाखल्यावर तीस टक्के अपंगत्व लिहिलं, पण ज्याला पुन्हा उकिडवं बसताच येत नाही त्याचं शेतातलं काम जवळजवळ संपलेलं असतं. न्यायाधिकरणाने बघायचं असतं ते हे नुकसान, नुसता दाखल्यावरचा आकडा नव्हे.

वेळ मात्र दवडू नका. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं तरी त्या भरवशावर बसू नका. त्याच दिवसापासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती 48 तासांत न्यायाधिकरणाला कळवायची आणि घरच्यांना त्यांचे हक्क सांगणारा फॉर्म दहा दिवसांत द्यायचा आहे. तो फॉर्म ठाण्यात जाऊन मागा. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही तरी मृत्यूसाठी दोन लाखांची आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजारांची तरतूद आहे. खोटा साक्षीदार उभा करणारा किंवा विमा असलेली भलतीच गाडी दाखवणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याच्यामुळे खऱ्या दुःखितांवर संशय येतो.

आपला जुन्नर तालुका कोर्टाची पायरी चढायला भिणारा नव्हता. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी एकोणिसाव्या शतकात भटजीशिवाय लग्न लावलं आणि भटजींनी दक्षिणेसाठी दावा केल्यावर तो लढवला. त्याच मातीतल्या विधवेला आज आपण कोर्टाची भीती घालतो, याची लाज वाटली पाहिजे. न्यायाधिकरण बहुधा तिच्या आणि अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्याच नावाने मुदतठेवीत ठेवायला लावतं. घरातल्या काही पुरुषांना दाव्यापेक्षा रोख तडजोड जवळची वाटते, त्याचं एक कारण हेही आहे.

एक गोष्ट बागायतदारांना थेट सांगायची आहे. कांदा काढणीला तुम्ही बाया पिकअपमध्ये उभ्या करून नेता. ती मालवाहू गाडी आहे. तिच्यात बसवलेल्या मजुरांची जबाबदारी त्या गाडीच्या विम्यावर सहसा येत नाही, कंपनी हात वर करते आणि मेलेल्या बाईच्या घरच्यांना मालकामागे हिंडावं लागतं. येत्या हंगामात प्रवासी परवान्याची गाडी लावा, आणि बाया चढण्याआधी तिच्या विम्याची तारीख स्वतः बघा.