रुग्णाचा परिप्रश्न

रुग्णाने वैद्याला प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण मानावे की श्रद्धेचेच अंग मानावे, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटला तरी मुळात तो ज्ञान आणि शरणागती यांच्या नात्याचा प्रश्न आहे. डॉक्टर म्हणजे देव ही भावना मराठी समाजात खोल रुजलेली आहे, आणि आजारी माणसाची अगतिकता पाहता तिची अवहेलना करण्याचे कारण नाही; परंतु श्रद्धा म्हणजे हात जोडून गप्प बसणे, हे गृहीतक भारतीय परंपरेच्याच कसोटीवर टिकत नाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचा मार्ग सांगताना प्रणिपात, म्हणजे नम्रपणे शरण जाणे, आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्न, म्हणजे सर्व बाजूंनी विचारून घेणे, यालाही स्थान दिलेले आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद, म्हणजे आधार, सांगितले असून वैद्याला त्यांत प्रमुख मानले असले, तरी रुग्णाकडूनही चार गुणांची अपेक्षा केलेली आहे: स्मृती, निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले पथ्यपाणी पाळणे, अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे, आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्या व्याधीची माहिती नीट सांगता येणे. आज्ञा पाळणे आणि माहिती देणे हे दोन्ही गुण येथे एकाच रुग्णाच्या ठायी अपेक्षिलेले आहेत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतो आणि तपासणीच्या वेळी संकोचाने ‘चालू आहेत’ असे सांगतो, तेव्हा वाढलेली साखर पाहून डॉक्टर मात्रा वाढवण्याची शक्यता असते, आणि पुढे ती वाढीव मात्रा खरोखरच घेतली गेली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गोळ्यांनी त्रास होतो, त्या बदलता येतील का, असे त्याने वेळीच विचारले असते, तर आज्ञापालनही सुकर झाले असते.

मात्र परंपरेचा कौल एकमुखी नाही. त्याच संहितेच्या विमानस्थानात शिष्याला उपदेश करताना, रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे कळले तरी ज्या ठिकाणी ते सांगितल्याने त्याला किंवा इतरांना आघात पोहोचेल तेथे ते सांगू नये, असे म्हटले आहे. कर्करोगाचे निदान झाल्यावर ‘पेशंटला काही सांगू नका’ अशी विनंती करणारे नातेवाईक याच करुणेने बोलत असतात, आणि ती करुणा खरी असते. तरीही जे लपवले जाते ते ज्याच्या देहाविषयी आहे, त्याचा निर्णयाधिकारही त्या मौनाबरोबर हिरावला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिलेल्या एका निकालात हा पेच स्पष्टपणे समोर आला. एका प्रौढ स्त्रीने केवळ दुर्बिणीद्वारे करायच्या तपासणीसाठी संमती दिलेली असताना, ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. जिवावरचा तातडीचा प्रसंग नव्हता आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतःला विचारता आले असते, म्हणून आईची संमती ग्राह्य धरता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. उपचाराचे स्वरूप आणि हेतू, त्याचे लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती होय, हे या निकालाचे सार आहे.

या विचाराचा तात्त्विक आधार कर्ता आणि भोक्ता या संकल्पनांच्या साह्याने समजून घेता येतो. शस्त्र वैद्य चालवतो, म्हणून कर्ता तो. वेदना आणि व्यंग रुग्णाच्या वाट्याला येतात, म्हणून भोक्ता हा. समजून उमजून दिलेली संमती भोक्त्याला कर्तृत्वात सहभागी करून घेते. उलट, दाखल होताना घाईघाईत पुढे केलेल्या, न कळणाऱ्या भाषेतील छापील संमतिपत्रावर घेतलेली सही हा सहभाग केवळ कागदावर ठेवते. यातून सर्वज्ञ रुग्णाचा आग्रह निघत नाही, कारण वैद्याचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आलेले असते. आणि ज्याला सारे जाणून घेणे झेपत नाही त्याने ‘माझ्या मुलीला सांगा’ असे म्हणणे, हादेखील त्याने स्वतः घेतलेला निर्णयच असतो.

म्हणून सजग रुग्ण होणे हे संशयी ग्राहक होणे नव्हे. जुने अहवाल आणि चालू औषधांची यादी बरोबर नेणे, न कळलेले पुन्हा विचारणे आणि 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर 72 तासांत मिळायला हव्या असलेल्या उपचाराच्या नोंदी मागून घेणे, ही रुग्णाच्या कर्तव्याची आजची रूपे आहेत. परंतु ज्ञापकत्वाची अपेक्षा एकट्या रुग्णाकडून करणे अन्यायाचे ठरेल. वेदनेने आणि खर्चाच्या चिंतेने ग्रासलेल्या माणसाला प्रश्न सुचत नसेल, तर त्याच्या भाषेत, त्याला पेलेल इतक्या सावकाशीने सांगणे हा वैद्याचा धर्म आहे, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यासाठी वेळ आणि माणसे उपलब्ध करून देणे हा रुग्णालय चालवणाऱ्या शासनाचा आणि संस्थांचा धर्म आहे.