प्रारब्ध आणि मायलिन

धडधाकट माणसाला ऐन उमेदीत असाध्य आजार झाला की भोवतालची माणसे दोन प्रश्न एका दमात विचारतात. हे कशामुळे झाले, हा पहिला. हे कशाचे फळ, हा दुसरा. बोलण्याच्या ओघात दुसरा प्रश्न पहिल्याची जागा केव्हा घेतो ते कळतही नाही, आणि त्याचे उत्तर तर तयारच असते: भोग आहेत, भोगून संपवायचे. हे दोन प्रश्न मुळातून वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर जसजसे हाती येते तसतशी दुसऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजाराच्या संशोधनात हे जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीच्या नसा यांमधल्या तंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते, विजेच्या तारेवरच्या वेष्टणासारखे. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण जाते तिथे संदेश अडखळतात. मग एका डोळ्यासमोर धूसर पडदा येतो, पाय जड होतो, हात बधिर होतो, लघवीवरचा ताबा सुटतो, आणि कशानेही न जाणारा थकवा येतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये रुग्णाच्या हयातीतील लक्षणांची आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडणाऱ्या कठीण चट्ट्यांची सांगड घातली, आणि या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो. सुरुवातीला तो पुष्कळदा येतो आणि ओसरतो. आज चालता न येणारी बाई महिन्याभराने चालू लागते. कारण अज्ञात असताना अशा आजाराचे माणसांनी काय काय केले, ते पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्समधल्या स्खिडाम गावची लिडविना चौदाव्या शतकाच्या अखेरीस बर्फावर पडली आणि पुढे आयुष्यभर झिजत गेली. तिच्या वर्णनात काही अभ्यासकांना एमएसची लक्षणे दिसतात. तिच्या काळाने त्या वेदनेला ईश्वरी कृपा मानले आणि चर्चने 1890 मध्ये तिला संतपद दिले. विसाव्या शतकात, एमआरआयने मेंदूतले चट्टे जिवंतपणी दाखवायला 1981 मध्ये सुरुवात करेपर्यंत, अनेक स्त्रियांच्या अशाच तक्रारींवर हिस्टेरियाचा शिक्का बसत राहिला. एकीला कृपा आणि दुसरीला ढोंग. कारण माहीत नसले की माणूस रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, तिथे तो न्यायनिवाडा आणून बसवतो.

आता त्या जागी काय आले आहे ते पाहू. हार्वर्डच्या संशोधकांनी जानेवारी 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या 1 कोटीहून अधिक तरुणांचे रक्तनमुने वर्षानुवर्षे साठवलेले होते. त्यांपैकी 955 जणांना पुढे एमएस झाला. ज्यांचे पुरेसे नमुने उपलब्ध होते अशा 801 रुग्णांपैकी एक सोडून सगळ्यांना आजाराच्या सुरुवातीपूर्वी एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला होता, आणि हा संसर्ग झाल्यावर एमएसची जोखीम 32 पटींनी वाढत होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मज्जासंस्थेतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, त्यामुळे काही रुग्णांत विषाणूवर सोडलेली प्रतिपिंडे आपल्याच ऊतींना चिकटतात. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. जनुकांचा वाटा आहे. एचएलए गटातला एक प्रकार जोखीम सुमारे तिप्पट करतो. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असताना दुसऱ्यालाही तो होतो असे साधारण चारातून एकदाच घडते. विषुववृत्तापासून दूर जावे तसे रुग्ण वाढतात, त्यामागे सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व असावे असे पुष्कळ पुरावे सुचवतात. जानेवारी 2024 मध्ये प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून असेही दिसले की उत्तर युरोपात ही जनुकीय जोखीम सुमारे 5000 वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून आलेल्या यामनाया पशुपालकांबरोबर आली. गुराढोरांच्या सहवासातल्या रोगांशी लढायला त्या काळी हीच जनुके बहुधा उपयोगी पडत होती. आपल्याकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1990 मध्ये दाखवले की पारशी समाजात एमएसचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरेच जास्त आहे. शेजारच्याच इमारतीत, त्याच हवेत राहणारी माणसे, फक्त पूर्वज वेगळे.

ही सगळी साखळी समोर ठेवून विचारावे: यात अपराध कुठे बसतो? एका गुराख्याला पाच हजार वर्षांपूर्वी ज्या जनुकाने जगवले तेच कोपनहेगनमधल्या आजच्या शिक्षिकेला चाकाच्या खुर्चीत बसवते. लाळेतून पसरणारा विषाणू पंचविशीतल्या लाखोंच्या शरीरात काही न करता पडून राहतो आणि एकीच्या मेंदूत गोंधळ माजवतो. हे सगळे कारण आहे, आणि यात कुणी दोषी नाही. उरतो तो योगायोग, कोणत्या पेशीने कोणत्या क्षणी काय ओळखले याचा. त्याला योगायोग म्हणण्यात विज्ञानाचा पराभव नाही. नाकारायची असेल तर एवढीच गोष्ट नाकारली जाते, की त्या उरलेल्या जागेत कुणाचे तरी पाप लपले आहे.

यावर आपल्या परंपरेचा अतिशय ताकदीचा आक्षेप आहे आणि त्याला सोपे उत्तर देऊन चालणार नाही. विज्ञान कसे ते सांगते, का ते सांगत नाही, आणि कर्म या कारणांच्या आतूनच फळ देते, असा तो आक्षेप. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच पेच सोडवला आहे. जगात इतकी विषमता असताना ईश्वर पक्षपाती आणि निर्दय का ठरत नाही, तर तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो म्हणून. अगदी पहिले कर्म कुठून आले या शंकेला संसार अनादि आहे असे उत्तर आहे. तर्क म्हणून ही मांडणी घट्ट आहे. मात्र ती ईश्वराच्या बचावासाठी रचलेली आहे, रुग्णाच्या आजाराची उकल तिने होत नाही. एमएस स्कॉटलंडमध्ये जास्त आणि केरळात कमी का, याचे उत्तर ती देईल खरे, की ज्यांना तो भोगायचा असे जीव तिथे जन्मले. उद्या हे प्रमाण नेमके उलटे झाले तरी ती हेच म्हणेल. जे कोणत्याही घटनेला सारखेच लागू पडते त्याने कोणत्याच घटनेचा उलगडा होत नाही.

हा केवळ तर्काचा मुद्दा नाही, त्याने माणसे जगतात आणि मरतात. दृष्टीच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर घाला घालणारा एक आजार 1894 मध्ये फ्रेंच डॉक्टर युजेन देविक यांनी वर्णिला होता. त्यानंतर शंभर वर्षे अनेक जण त्याला एमएसचाच उपप्रकार समजत होते. मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधले, आणि पुढच्याच वर्षी ते ॲक्वापोरिन-4 या प्रथिनावर रोखलेले असते हे कळले. आज त्या आजाराला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणतात. त्यात हल्ल्याचे मूळ लक्ष्य मायलिन नसते, आणि एमएसवर चालणारे इंटरफेरॉन हे औषध त्यात अपाय करू शकते. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत एमएसच्या तुलनेत त्याचे प्रमाण युरोपपेक्षा जास्त असते, म्हणजे हा भेद कळणे आपल्या दृष्टीने अधिकच मोलाचे. प्रारब्धाच्या भाषेत हे दोन आजार एकच आहेत, कारण भोग म्हणून दोन्ही सारखेच. रुग्णाच्या डोळ्यांची दृष्टी मात्र या फरकावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप असा निघेल की हा पाश्चात्त्य विचार आपल्या माथी मारला जातो आहे. पण आपल्याच ग्रंथांत याची मुळे खोल आहेत. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे सुखदुःख अनुभवतो ते सारे पूर्वकर्मामुळेच असते, असे म्हणणारे बरोबर आहेत का. बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरचा आघात अशी कारणे मोजतो, कर्म हे त्यांतले केवळ आठवे म्हणून सांगतो, आणि सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे माहीत असलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात असे म्हणतो. चरकसंहितेने दैव मानले, कर्मज व्याधीही मानले, पण विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषार्थ या दोहोंवर टेकवले. सगळेच आधी ठरलेले असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, हे तिथले सरळ प्रतिपादन आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दुरवस्था ठरते ही कल्पना नाकारताना तिचा सामाजिक उपयोग उघडा केला: दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि शासनाने टाळण्याची ती सोय आहे. त्यांच्यासमोर जात आणि दारिद्र्य होते. आजाराला तीच कसोटी लावली तरी निष्कर्ष बदलत नाही.

सर्वांत जड आक्षेप तिसरा. योगायोग हे उत्तर माणसाला पोरके करते, भोग म्हटले की निदान अर्थ तरी लाभतो. स्वतःच्या दुःखाकडे प्रारब्ध म्हणून पाहून ज्यांना बळ मिळते त्यांचे ते बळ खरे आहे आणि ते हिरावण्याचा अधिकार कुणालाच नाही. वाद आहे तो दुसऱ्याने दुसऱ्याविषयी हे म्हणण्याशी. 1966 मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एका प्रयोगात विद्यार्थिनींना एका स्त्रीला विजेचे झटके बसताना दाखवले. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तिचा त्रास थांबवणे आपल्या हाती नाही असे ज्यांना वाटले, त्यांनी त्या स्त्रीलाच कमी लेखले. म्हणजे जग न्यायी आहे या विश्वासाचा दिलासा बऱ्याचदा पाहणाऱ्याला मिळतो आणि त्याची किंमत भोगणारा मोजतो. हीच गोष्ट आता नव्या पोशाखात येते. फार ताण घेतलास, मनात नकारात्मक विचार होते, खाणे चुकले. धूम्रपानाने एमएसची जोखीम वाढते हे सिद्ध आहे, आणि ते सोडल्याने रुग्णाला फायदाही होतो, म्हणून डॉक्टरांनी ते सांगितलेच पाहिजे. पण सिगारेट ओढणाऱ्या बहुसंख्य लोकांना एमएस कधीच होत नाही, आणि असंख्य रुग्णांनी तिला हातही लावलेला नसतो. जोखीम कमी करण्याचा सल्ला पुढच्या दिवसांसाठी असतो. त्याचा उपयोग मागच्या दिवसांचा खटला चालवायला करणे अन्याय आहे.

जिथे कारण सापडले तिथे कर्तव्यही सापडले, हे या संशोधनाने दाखवले. एमएसवरचे पहिले इंटरफेरॉन अमेरिकेत 1993 मध्ये मंजूर झाले, आणि सुरुवातीपासून वाढतच जाणाऱ्या प्रकारावर 2017 मध्ये ऑक्रेलिझुमॅब आले. एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धच्या लशींच्या चाचण्या चालू आहेत. अशी लस यशस्वी होऊन उद्याच्या मुली या आजारापासून वाचल्या, तर त्यांचे कोणते प्रारब्ध टळले याचा हिशेब कुणी मागणार नाही, आणि मागण्याची गरजही नाही. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे, पण वरवर धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागताना आणि कामाच्या ठिकाणी थकव्याबद्दल बोलताना अजूनही आपला आजार खरा आहे हे पटवावे लागते. तेव्हा अशा घरी भेटीला जाल तर मागच्या जन्माचा विषय काढू नका. पुढचे इंजेक्शन केव्हा आहे आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार आहे, एवढे विचारा.