‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’

चार वर्षांपूर्वी मी माझ्या आजीला अर्ध्या मिनिटात खोटं ठरवलं.

‘खोटं’ हा शब्द मी वापरला नव्हता. संक्रांतीला घरी गेले होते. तिळगूळ वळता वळता आजी म्हणाली, “माझ्या आईनं पुस्तक छापलं होतं. ओव्या आणि भोंडल्याची गाणी. माझा जन्म व्हायच्या आदल्या वर्षी. हळदीकुंकवाला बायकांना तेच वाण लुटलं.” पणजी मराठी चौथी शिकलेली. मी फोन काढला, पणजीचं नाव टाकलं, पुढे ‘ओव्या’ लिहिलं. काहीच आलं नाही. “आजी, असं पुस्तक नाहीये गं,” मी म्हणाले. “नसेल बाई,” म्हणत तिनं डब्याचं झाकण लावलं. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

मी सॉफ्टवेअर लिहिते. ऑफिसात असं कुणी केलं तर मी चालवून घेत नाही. एखाद्या क्वेरीला रिकामी यादी परत आली की आम्ही आधी विचारतो: रेकॉर्ड खरंच नाही, की आपण चुकीच्या टेबलात शोधलं? स्पेलिंग चुकलं? की सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही? ‘डेटा नाही’ एवढंच लिहून तिकीट बंद करणाऱ्या नवख्या मुलाला मी ते परत पाठवते. आजीचं तिकीट मात्र मी स्वतःच तसं बंद केलं होतं.

गेल्या वर्षी ते पुन्हा उघडलं. शोधायचं कसं, हे शिकायला तिथपासून सुरुवात झाली.

पहिला धडा असा, की शून्यावर विश्वास ठेवण्याआधी कॅटलॉगची परीक्षा घ्यायची. जे पुस्तक आहे हे पक्कं ठाऊक आहे, ते आधी शोधायचं. मी ताराबाई शिंदे यांचं 1882 सालचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घेतलं. एका परदेशी विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये देवनागरीत टाकलं तर शून्य. रोमन लिपीत टाकल्यावर आलं. जुन्या नोंदी रोमनमध्ये आहेत, आणि ते रोमन आपण चॅटवर लिहितो तसं नसतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीत ‘च’साठी नुसता ‘सी’ येतो, सोबत ‘एच’ नाही. ‘चिपळूणकर’ लिहिताना शेवटच्या ‘र’नंतरही एक ‘ए’ लागतो. म्हणजे आपण रोज लिहितो त्या स्पेलिंगनं शोधलं तर विष्णुशास्त्री चिपळूणकरही हाती लागतील याची खात्री नाही. माझ्या पणजीची काय कथा!

देवनागरीतही खाचखळगे आहेत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गाणीं’ अशी अनुस्वारांची पखरण असते. संगणकासाठी ‘गाणी’ आणि ‘गाणीं’ हे वेगळे शब्द. मुखपृष्ठावर कित्येकदा शक असतो, त्यात 78 मिळवून इसवी सन काढायचा, वर्षाच्या टोकाला 79. स्कॅन केलेली पुस्तकं तर नुसती चित्रं असू शकतात. पान डोळ्यांना दिसतं, शोधपेटीला दिसत नाही.

आणि नाव? आमच्या घरात पणजी, आजी, आई आणि मी अशा चार पिढ्यांत चार आडनावं आहेत. मी पणजीचं सासरचं नाव टाकत होते. पुस्तकावर माहेरचं असू शकतं. ‘एक गृहिणी’ असंही असू शकतं. कदाचित पणजोबांचंच असेल.

मग शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पर्यंत पोचले. 1800 ते 1937 या काळातली मराठी पुस्तकं एका माणसानं, संगणक नसताना नोंदवली. त्यात पणजीचं पुस्तक नव्हतं. मी जवळजवळ हार मानली होती, तेव्हा लक्षात आलं, की आजीचा जन्म 1940 चा, म्हणजे पुस्तक 1939 चं. 1937 ला थांबणाऱ्या यादीत ते नसणारच. त्या ‘नाही’ला काही किंमतच नव्हती.

हा प्रश्न नवा नाही, हे मला उशिरा कळलं. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही अट पूर्ण करणारी ती ‘योग्य’ अनुपलब्धी.

मी संक्रांतीच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत उभी राहून घडा नसल्याचं जाहीर केलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग काय, कुणी काहीही सांगावं आणि आपण मान डोलवावी? नाही. उलट ही अट दोन्ही बाजूंनी कापते. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. त्या काळच्या मुंबईत मराठी, गुजराती, इंग्रजी वर्तमानपत्रं निघत होती. भर समुद्रकिनारी विमान उडालं असतं तर कुठेतरी समकालीन, तपासता येईल अशी बातमी दिसायला हवी होती. विश्वास ठेवावा अशी बातमी पुढे आलेली नाही. इथे उजेड आहे, म्हणून इथल्या ‘नाही’ला वजन आहे. सोळा पानी पुस्तिका छापून गल्लीतल्या बायकांना वाटली, तर ती कुठे दिसायला हवी? कुणाच्या तरी फडताळात, वाळवी लागेपर्यंत. 1867 च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे जायच्या आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघायच्या. तिथे ती असण्याची शक्यता आहे. पण प्रत्येक घरगुती पुस्तिका तिथवर पोचली असेल, असं मी गृहीत धरू शकत नाही.

म्हणून मला वाटतं, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क शोधून कमवावा लागतो. ही नुसती अभ्यासाची शिस्त नाही, नीतीचा प्रश्न आहे. आमच्या घरात इंजिनिअर मी, फोन माझ्या हातात. मी ‘नाही’ म्हटल्यावर वाद मिटतो. आजीकडे तिची आठवण सोडून दुसरा पुरावा नव्हता, आणि मी तो तपासलासुद्धा नाही. छापखाना कुठला, पानं किती, पुस्तक बघितलेलं आणखी कोण आहे, यातलं एकही मी विचारलं नाही. साक्षीदार समोर बसला होता आणि मी फोनची साक्ष काढत होते. ज्यांच्या आयुष्याची नोंद कुणी घेतली नाही, त्यांनाच आपण नोंद दाखवा म्हणतो, हे मला आता अन्यायाचं वाटतं.

पुस्तक अजून मिळालेलं नाही. या दिवाळीत मात्र वही घेऊन आजीसमोर बसले. कुठे कुठे शोधलं ते वाचून दाखवलं. कुठे शोधायचं राहिलंय तेही सांगितलं. “तेव्हा मी ‘नाही’ म्हणाले होते ना, ते चुकलं माझं. मला सापडलं नव्हतं, एवढंच.”

आजी बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “एवढ्या ठिकाणी हिंडलीस? पण तू सातारा सातारा काय लिहिलंयस? छापलं वाईला. मामाच्या ओळखीचा छापखाना होता. पिवळं कव्हर, आणि आईचं नाव नव्हतंच त्यावर. तिनं घालू दिलं नाही.”

चार वर्षांपूर्वीही तिला हे सगळं माहीत होतं. मी वहीत नवीन पान उघडलं, वर ‘वाई’ लिहिलं.