अस्सल बरहुकूम

माझे वडील, नाना, गेल्यानंतर त्यांच्या लाकडी पेटीत ज्या ४१ कॅसेटा निघाल्या, त्यांत त्यांनी एका चातुर्मासात देवघरासमोर बसून केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पारायणाचे ध्वनिमुद्रण होते; आणि फितींवरचा तपकिरी थर बोटाला लागू लागला आहे हे ध्यानात येताच, हा आवाज कोठेतरी सुरक्षित ठेवला पाहिजे या एकाच निकडीने मी घरातल्या घरात, सर्वांना आपापल्या जागेवरून पोहोचता येईल असे, साठवणीचे एक यंत्र उभारण्याच्या उद्योगाला लागलो. ते जतनाचे काम पुढे मला प्रमाणशास्त्राच्या एका प्राचीन वादात नेऊन सोडील, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

यंत्र म्हणजे फार काही नव्हे. एका कचेरीने मोडीत काढलेला संगणक, २ टेराबाइटच्या दोन हार्डडिस्क (त्या मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या, कारण एकाच खेपेतल्या डिस्क पुष्कळदा एकाच सुमारास थकतात), राउटरपर्यंत ओढलेली केबल, वर डेबियन लिनक्स, आणि घरातल्या इतर संगणकांना हा साठा आपल्याच फोल्डरासारखा दिसावा म्हणून कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेली सांबा ही प्रणाली. एका मोठ्या महागड्या डिस्कवर विसंबण्यापेक्षा स्वस्त डिस्कांचा समूह करावा, असे बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली प्रतिपादिले. त्याच विचाराचा सर्वांत साधा आविष्कार, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिले जाईल त्याची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणारा आरसा, मी लिनक्सकडून करवून घेतला. आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे, चुकून पुसलेले तो दोन्हीकडून तत्परतेने पुसतो, म्हणून तिसरी प्रत बहिणीकडे नागपूरला पाठवली.

डेबियनमध्ये अशा जोडीची रुजुवात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. अशाच एका रविवारी, जेथे शून्य असावयास हवे तेथे १२८ हा आकडा उमटला. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या, एकीनेही वाचनात कसूर झाल्याची कबुली दिली नव्हती, आणि तरी त्यांची जबानी जुळत नव्हती. एकेक डिस्क निराळी जोडून, केवळ वाचनापुरती उघडून, मी सर्व फायली बाइटाबाइटाने ताडून पाहिल्या, तेव्हा तेराव्या कॅसेटच्या फायलीत फरक सापडला: एका प्रतीत नानांचा आवाज अखंड वाहतो, दुसरीत त्याच ठिकाणी समईची वात तडतडावी तसा एक बारीक आवाज आहे. देवघरात समई तर होतीच. मग तो आवाज त्या संध्याकाळचा, की डिस्कच्या चुंबकीय थरावर कालांतराने उमटलेल्या दोषाचा? मूळ फीत तोवर त्याच जागी झडली होती, आणि नागपूरची प्रतही या दोहोंपैकीच एका डिस्कवरून उतरलेली, म्हणून तिची साक्ष स्वतंत्र नव्हती.

ज्ञान स्वतःच प्रमाण असते, की त्याचे प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला वाद मी तरुणपणी केवळ बुद्धीचे कसब म्हणून वाचला होता. त्या रविवारी तो मला माझ्या घरचा वाटला. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेच आपले प्रामाण्य घेऊन, आणि त्याला विरोध करणारे बाधक ज्ञान किंवा त्याच्या कारणांतला दोष जोवर उघडकीस येत नाही, तोवर त्यावर विश्वास ठेवणेच योग्य होय. माझा आरसा नेमका असाच मीमांसक होता: डिस्क स्वतः कारणदोष कबूल करीपर्यंत तिचे म्हणणे तो शिरोधार्य मानी, मात्र दोन प्रमाणांतच विरोध आला की कोणते बाधक आणि कोणते बाधित, हे ठरवण्यास त्याच्यापाशी काही उरत नसे. न्यायमत म्हणते की प्रामाण्याचा निश्चय परतः, म्हणजे दुसऱ्या ज्ञानाने होतो. त्या मताची रचना मला बीटीआरएफएस या लिनक्सच्याच साठवणपद्धतीत आढळली. ती ४०९६ बाइटांच्या प्रत्येक खंडामागे ४ बाइटांची एक खूण निराळ्या ठिकाणी नोंदून ठेवते, आणि वाचताना खंड त्या खुणेशी जुळला नाही तर तो नाकारून दुसऱ्या डिस्कवरची जुळणारी प्रत पुढे करते. आमच्या वैदिकांनी घनपाठात पदे उलटसुलट गुंफून प्रत्येक पदाला शेजारच्या पदांची साक्ष दिली, तिच्यामागची चिंताही हीच असली पाहिजे.

परंतु त्या खुणेला दाखला कोणाचा? मीमांसकांचा अनवस्थेचा, म्हणजे साक्षीला साक्ष अशा न संपणाऱ्या साखळीचा, आक्षेप येथे अक्षरशः लागू पडतो. खुणा ज्या पानांवर नोंदल्या त्या पानांच्याही खुणा असतात, आणि असे मुळाशी पोहोचले म्हणजे तेथला खंड आपली खूण आपल्याच अंगावर वागवतो, त्याला बाहेरचा साक्षीदार नाही. परतःप्रामाण्याची ही सारी इमारत शेवटी एका स्वतःप्रमाण चिऱ्यावर उभी आहे, हे पाहून मला तर्कातल्या विजयाचा नव्हे, एका विलक्षण शांतीचा अनुभव आला. कोठेतरी विश्वासावर थांबावे लागते. आणि ज्याच्यावर थांबावयाचे तो आप्त कसा असावा, तर वस्तू जशी पाहिली तशीच सांगू इच्छिणारा, हे वात्स्यायनांनी सांगून ठेवले आहे. रुजुवात करणारी संहिताही कोणालाही उघडून वाचता येते, म्हणून मी बंद पेटीपेक्षा लिनक्सचे वचन आप्तवचन मानतो.

मग बीटीआरएफएसवर नवा साठा उभारून सारे पारायण मी फितींवरून पुन्हा उतरवले, तेरावी कॅसेट तेवढी, नाइलाजाने, त्या तडतडीसह जुन्या प्रतीवरून घेतली, आणि नव्या साठ्याची संपूर्ण तपासणी लावली. सकाळी निकाल आला: चुका शून्य. नक्कल अस्सल बरहुकूम. आईला मी माजघरात बसवून सत्ताविसावी कॅसेट ऐकवली. ती डोळे मिटून, ओठ हलवीत ऐकत होती, ती एकाएकी थांबली.

"अरे, ही ओवी ह्यांनी दोनदा म्हटली होती. दुसऱ्यांदा म्हणताना गळा दाटून आला होता. इथं एकदाच आहे."

मी फाइल मागे नेऊन पुन्हा लावली. ओवी एकदाच होती. खुणा जुळत होत्या. जे लिहिले गेले तेच जपले आहे एवढेच त्या सांगत होत्या, आणि ते खरे होते. दिसले ते पाणीच होते हे तहान भागल्यावर कळते, असे नैयायिक म्हणतात. आईची तहान भागली नव्हती. पहिली बाजू त्या ओवीवर संपत होती, म्हणजे कॅसेट उलटवून दुसरी बाजू लावताना मीच उतरवून घेण्यास क्षणभर उशीर केला असणार. मी पेटीतून सत्ताविसावी कॅसेट काढली, पेन्सिलीने तिचे चाक हलकेच फिरवून फीत ताणून घेतली आणि दुसरी बाजू लावली. आई पाट ओढून जवळ येऊन बसली.